सांगली-मिरजेत पेट सिटिंग सुरू करायचंय: कुठल्या सेवा द्याव्यात, कुठल्या टाळाव्यात?

विश्रामबागची_वेणू
सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात स्वतंत्रपणे पेट सिटिंग सुरू करायचंय. डोक्यात असलेली यादी: मालकाच्या घरी जाऊन खाणं-पाणी, कुत्र्यांना फिरवणं, आपल्या घरी ठेवून घेणं, मालकाच्या घरी रात्रीचा मुक्काम, अंघोळ-नखं, औषधं देणं, डॉक्टरांकडे नेणं-आणणं, शिवाय पक्षी आणि मासे. हाताशी स्कूटर आहे, घर दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. यातलं काय आधी घ्यावं? दर कसा काढायचा? जाणकारांनी सविस्तर लिहा, कडू लागलं तरी चालेल.

कृष्णाकाठ
यादी निम्म्याने कापा. प्रत्येक सेवा वेगळ्या ठिकाणी बिघडते, आणि आठही ठिकाणी एकटा माणूस लक्ष ठेवू शकत नाही. घरी जाऊन खाणं-पाणी बघताना धोका किल्लीचा आणि उघड्या राहिलेल्या दाराचा. फिरवताना पट्टा सुटण्याचा आणि चावण्याचा. घरी ठेवून घेताना संसर्गाचा आणि कुत्र्यांच्या आपसातल्या मारामारीचा. अंघोळ-नखांत जखमेचा.

सुरुवात घरभेटींनी करा, त्यातही मांजरांपासून. मांजर जागेला चिकटलेलं जनावर आहे. त्याला तुमच्या फ्लॅटमध्ये आणण्यापेक्षा तुम्ही त्याच्या घरी जाणं दोघांनाही सोयीचं. ओळख झालेल्या कुत्र्यांना फिरवणं ही दुसरी पायरी. घरी ठेवून घेणं सगळ्यात शेवटी. टू बीएचकेत ते जमतं, पण एका वेळी एकाच घरचे प्राणी. दोन घरचे दोन कुत्रे एकत्र ठेवायचे असतील तर मधे बंद होणारं दार, वेगळी जेवणाची जागा आणि माजावर नसलेली जनावरं, या तिन्ही गोष्टी हव्यात.

भडंग_आणि_चहा
दराचं गणित बहुतेकांचं चुकतं, कारण ते फक्त अर्ध्या तासाच्या भेटीचे पैसे धरतात. समजा ताशी २०० रुपये सुटायला हवेत. पाच किलोमीटरवरचं घर: जायला २० मिनिटं, यायला २०, भेट ३०, कुलूप-फोटो-निरोप यात १०. झाली ८० मिनिटं, म्हणजे २६७ रुपये. स्कूटर लिटरला ४० किमी देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर दहा किलोमीटरचे २६. बेरीज २९३. म्हणजे त्या घराचा दर ३०० च्या खाली परवडत नाही, टायर-सर्व्हिसिंग तर अजून धरलेलंच नाही.

म्हणून तीन वर्तुळं पाडा: तीन किमीच्या आत, तीन ते सहा, सहाच्या पुढे. प्रत्येकाला वेगळा दर. विश्रामबागेतून मिरजेच्या पलीकडच्या टोकाला दिवसात दोन फेऱ्या मारायच्या झाल्या तर तिथली किमान दोन घरं एका फेरीत बसली पाहिजेत; नाहीतर सरळ नाही म्हणायचं. दुसरा प्राणी त्याच घरात असेल तर थोडी वाढ, पूर्ण दुप्पट नको. दिवाळी आणि मे महिन्याला निम्मी रक्कम आगाऊ. लोक कुरकुरतात, पण आगाऊ घेतली नाही तर ऐन धनत्रयोदशीला ‘सासूबाई आल्यात, नको आता’ असा फोन येतो आणि तोवर तुम्ही तीन घरं नाकारलेली असतात.

मिरजेचा_मल्हार
पहिली भेट मालक घरात असतानाच. तिचे पैसे घेतले नाहीत तरी चालेल, पण ती टाळायची नाही. त्यात हे लिहून घ्या:

खाणं ग्रॅममध्ये. ‘एक वाटी’ प्रत्येक घरात वेगळी असते. तिथल्या तिथे स्वयंपाकघराच्या काट्यावर वजन करून डब्यावर आकडा चिकटवा. रोज पाणी किती पितो ते. कुत्र्याला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली लागतं, म्हणजे २० किलोच्या लॅब्रॅडॉरला लिटरभराच्या आसपास. भांडं एकदम जास्त रिकामं होऊ लागलं किंवा तसंच भरलेलं राहिलं, तर दोन्ही सांगण्यासारख्या गोष्टी. लसीच्या कार्डाचा फोटो. शेवटची गोचीड-पिसवांची गोळी किंवा थेंब कधी दिले. नेहमीचे डॉक्टर, आणि ते गावाला गेले तर दुसरे कोण. कुणाला घाबरतो: छत्री, हेल्मेट, झाडू, लहान मुलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उपचाराचं संमतीपत्र. ‘माझ्याशी संपर्क झाला नाही तर अमुक रकमेपर्यंत उपचार करावेत, खर्च मी देईन’, खाली सही. पावसाळ्यात घाटात, विमानात, लग्नात मालकाचा फोन लागत नाही; डॉक्टर सलाईन लावायला तयार असतात, पण पुढचा खर्च कोणाच्या शब्दावर करायचा हा प्रश्न तिथेच अडतो.

किल्लीवर नाव-पत्ता लिहू नका. नंबर लिहा, नंबरांची वही घरी. पहिल्या भेटीत तुम्ही स्वतः ते कुलूप दोनदा उघडून-लावून बघा. जुन्या वाड्यांच्या दारांना एक विशिष्ट झटका लागतो आणि तो मालकाला सांगायचं सुचत नाही.

औषधपेटी
औषधं देणं ही वेगळी सेवा ठेवा, वेगळा दर लावा, आणि तोंडावाटे देण्याची, डोळ्या-कानात घालायची आणि इन्सुलिन अशा तीन पातळ्या करा.

आपल्याकडे गोचीडतापामुळे डॉक्सिसायक्लिन सारखं असतं. ही गोळी पेढ्यात किंवा दह्यात लपवून द्यायची पद्धत आहे. नको. दुधातल्या कॅल्शियममुळे ती अंगी कमी लागते. रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते. तेव्हा जेवणाबरोबर, उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात. मांजराला कोरडी गोळी दिली तर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते; मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी गालाच्या बाजूने, हळूहळू.

इन्सुलिन शिकल्याशिवाय घेऊ नका. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० युनिटच्या. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं तर डोस अडीचपट होतो. आधी जेवू द्यायचं, मग टोचायचं. जेवला नाही किंवा उलटी झाली तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. लडखडतोय, थरथरतोय असं दिसलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि निघा. बाटली फ्रिजच्या दारात, फ्रीझरजवळ नाही; एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

घरातली माणसांची औषधं अजिबात नाहीत. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्यांचे गोचीड मारायचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावले तर झटके येतात, आणि एकाच घरात दोन्ही प्राणी असतात तिथे नळ्यांची अदलाबदल सहज होते.

विश्रामबागची_वेणू
हे सगळं वहीत उतरवतेय. पण मल्हारदादा, कृष्णाकाठ, दिवाळीत विचारणारे सगळे ‘तुमच्याकडे ठेवून घ्याल का’ असंच विचारतात. ती सेवा शेवटी ढकलली तर गिऱ्हाईकच राहणार नाही अशी भीती वाटते.

कृष्णाकाठ
ठेवून घ्या, पण पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या हगवण-उलटीच्या साथीचा, विचार करून. हा विषाणू जमिनीत, फटीत, गोधडीत महिनोन्महिने टिकतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तीन दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणजे आज धडधाकट दिसणारं पिल्लू तुमच्या घरात रोग सोडून जाऊ शकतं. १६ आठवड्यांपर्यंतचा डोस पूर्ण न झालेलं पिल्लू घरी घ्यायचं नाही, कितीही गोड असलं तरी. मोठ्या कुत्र्यालाही लस घेऊन किमान दोन आठवडे झालेले असावेत.

दोन मुक्कामांच्या मधे एक दिवस रिकामा ठेवा. आधी साबणाने घाण काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, लिटरला साधारण ३३ मिली. फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे, नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडी. घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर उपयोग शून्य. मुताच्या डबक्यावर थेट ब्लीच नाही आणि टॉयलेट क्लीनरबरोबर कधीच नाही, विषारी वाफ होते.

कुपवाडचे_काका
आमच्या पिढीत सगळं फिनेलनेच पुसलं जायचं, कुत्रीही जगायची. एवढं कशाला?

औषधपेटी
काका, फिनेलला वास जोरदार असतो म्हणून स्वच्छ वाटतं. पार्व्होवर त्याचा भरवसा नाही. शिवाय त्यातले फिनॉलसारखे घटक मांजराचं यकृत पचवू शकत नाही. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं तेव्हा ते पोटात जातं. मांजराच्या घरी फिनेलची बादली दिसली तर साध्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि मालकाला सांगा.

मनीमाऊ_गावभाग
मांजरांच्या भेटीबद्दल लिहिते, कारण ‘मांजर काय, वाटी भरली की झालं’ हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो.

दिवसातून एक भेट पुरते, दोन दिवसांतून एक पुरत नाही. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते, जाड मांजरात जास्तच. आणि लपून बसलेलं मांजर जेवलंय की नाही हे फक्त वाटीचं वजन सांगतं. लीटर, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळू, उपसताना गोळे मोजा. रोज दोन ते चार लघवीचे गोळे असा साधारण हिशेब. बोका सारखा लीटरमध्ये बसतोय, ओरडतोय, आणि गोळा एकही नाही, तर मूत्रमार्ग अडला असण्याची शक्यता धरायची. मालक परवा येणारच आहेत, तेव्हा बघू म्हणायचं नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो.

आत शिरल्यावर आधी आपल्यामागे दार लावा, मग मांजर शोधा. मांजर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भेट संपत नाही. कपाट, वॉशिंग मशीन, दिवाणाचा खण, गॅलरीची जाळी हा क्रम. पाठवायच्या फोटोत मांजर असलं पाहिजे, नुसती भरलेली वाटी नाही.

जतचा_धावपटू
फिरवण्यावर. सांगली जिल्ह्यात कारवान आणि मुधोळ या शिकारी जातींचे कुत्रे बरेच. त्यांची मान डोक्याएवढीच रुंद, त्यामुळे साधा पट्टा मागे झटका दिला की कानांवरून निघतो. रुंद मार्टिंगेल पट्टा (ओढला की थोडा आवळतो) किंवा छातीभोवतीचा हार्नेस, आणि परक्या हाती असताना दोन्ही एकत्र, दोन दोऱ्या. शेळी किंवा ससा दिसला की हाका ऐकू येत नाहीत त्यांना. मालक ‘आमचा सोडला तरी परत येतो’ म्हणाले तरी सोडायचं नाही. तो त्यांच्याकडे परत येतो, तुमच्याकडे नाही.

लांबत जाणारी फिरकीची दोरी रस्त्यावर वापरू नका. दीड मीटरची साधी दोरी, मनगटात फास अडकवून आणि मुठीत धरून.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. तळहाताची पाठ डांबरावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला जमलं नाही तर त्याच्या पंजांना कसं जमेल? पग, बॉक्सर, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकांच्या जातींना त्या दिवसांत फिरवणं म्हणजे दहा मिनिटं शी-शू आणि परत. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, तोल जातोय असं झालं तर साधं पाणी अंगभर ओता, पंखा लावा, गाडी बोलवा. आधी गार करायचं, मग न्यायचं. नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, १०५ च्या वर गेलं की घाई.

भडंग_आणि_चहा
कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये ‘ताब्यात असलेल्या’ प्राण्याबाबत हलगर्जी केली तर शिक्षा आहे. दोरी तुमच्या हातात असेल तर ताबा तुमचा. मालक पुण्यात होता ही सबब चालत नाही. मुळात चावरा आहे हे माहीत असलेला कुत्रा घेतला तर मझल (तोंडाची जाळी) घालूनच बाहेर.

जीएसटीची चिंता आत्ता नको, सेवांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. छोट्या व्यवसायांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, करून टाका.

औषधपेटी
आणि स्वतःची लस. या कामात उतरणाऱ्याने रेबीजची आधीची लस घ्यावी: पहिला दिवस, सातवा, आणि २१ वा किंवा २८ वा. ती झालेली असेल तर चावल्यावर दोनच डोस लागतात, त्याच दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी, आणि जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. चावलं, ओरखडलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. सांगलीत हळदीचा मोह आवरणं कठीण, तरी. मग सिव्हिल किंवा जवळचा दवाखाना, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

सोसायटी_सेक्रेटरी
लिफ्टमध्ये कुत्रं नेऊ देत नाहीत म्हणून भांडू नका, पण नियम माहीत असू द्या: प्राणी पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. वॉचमनकडे तुमचं नाव आणि तारखा मालकानेच लिहून द्याव्यात. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

कृष्णाकाठ
पूर. जुलै-ऑगस्टमध्ये बुकिंग घेणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभाग, सांगलवाडी, कर्नाळ रोड इथली बुकिंगं वेगळ्या रंगाने नोंदवा. सखल वस्त्यांत पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरतं, आणि सांगलवाडीचा रस्ता बंद झाला की आत अडकलेल्या मांजरापर्यंत तुम्ही पोचणारच नाही.

म्हणून करार करतानाच ठरवा: कोयनेचा विसर्ग वाढला आणि पातळी चढती असली की अमुक फुटांना प्राणी हलवायचा, कुठे न्यायचा, कुणाला कळवायचं. मालकाची परवानगी आधीच लेखी. प्रत्येक मांजरामागे एक पिंजरा-बॅग घरात हवीच; पोत्यात भरलेलं मांजर फाडून बाहेर येतं. सात दिवसांचं खाणं, औषध आणि लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या उंच फळीवर.

पूर ओसरल्यावर चिखलात कुत्रा फिरवायचा नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि तो माणसालाही होतो. लसीच्या कार्डावर लेप्टोचा उल्लेख आहे का बघा, सगळ्या एकत्रित लसींत तो नसतो. त्याचा डोस दरवर्षी लागतो.

तासगावकरीण
बेदाणा! अजून कोणीच कसं लिहिलं नाही? आपल्याकडे घरोघरी डबे भरलेले, दिवाळीत चिवड्यात, शिऱ्यात, भेटीच्या खोक्यात. कुत्र्यांना द्राक्षं आणि बेदाणे विषारी आहेत, मूत्रपिंडं बंद पडतात. किती खाल्ले तर चालतात याचा भरवशाचा आकडा नाही. बेदाणे वाळलेले असल्याने मूठभर म्हणजे कितीतरी द्राक्षं. खाल्ल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता दवाखाना. दोन तासांच्या आत पोचलात तर डॉक्टर उलटी काढू शकतात. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही, मिठानेच विषबाधा होते. पहिल्या भेटीत ओट्याखालचे डबे बघून वर ठेवायला सांगा. कांदा-लसूण आणि चॉकलेटही त्याच फळीवर.

मिरजेचा_मल्हार
पक्षी-मासे थोडक्यात. मासे मरतात ते उपाशी राहून नाही, जास्त खाणं घातल्याने. न खाल्लेलं कुजतं, अमोनिया वाढतो. मालकाकडून रोजच्या चिमटीच्या पुड्या आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत भरून घ्या, बाकी डबा कुलपात. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप.

बजी (छोटे रंगीत परदेशी पोपट), लव्हबर्ड चालतील. त्या घरात नॉनस्टिक तवा कोरडा तापवायचा नाही, त्या धुराने पक्षी मरतात. आपला हिरवा पोपट मात्र घ्यायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो पाळणं गुन्हा आहे, चांदणी कासवही तसंच. ‘लहानपणापासून आहे हो’ हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही आणि त्या दिवशी तो तुमच्याकडे असेल.

जतचा_धावपटू
फटाके राहिले. दिवाळीत फिरणं उजेडात उरकायचं, संध्याकाळी सहानंतर दार उघडायचं नाही. मधली खोली, पडदे बंद, पंखा आणि टीव्ही चालू. भीतीचं औषध लागत असेल तर मालकाने आठवडाभर आधी डॉक्टरांकडून घेऊन, एकदा देऊन पाहिलेलं हवं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिल्यांदा प्रयोग नको. गळ्यातल्या पट्ट्यावर त्या दिवसांपुरता तुमचा नंबर.

विश्रामबागची_वेणू
सगळ्यांचे आभार. सुधारलेली यादी अशी: मांजरांच्या घरभेटी रोज एक, कुत्र्यांच्या घरभेटी दिवसाला दोन आणि फिरवणं, तोंडावाटे औषधं, मासे, बजी. घरी मुक्काम एका वेळी एकाच घरचा, लसी पूर्ण असलेला. अंघोळ-नखं, इन्सुलिन आणि पिल्लं सध्या नाही. डॉक्टरांकडे नेणं फक्त रिक्षाने, स्कूटरवर नाही. गंभीर केस असेल आणि इथल्या डॉक्टरांनी सांगितलं तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, त्या प्रवासाचा वेगळा खर्च संमतीपत्रात. बरोबर?

मनीमाऊ_गावभाग
दोन दुरुस्त्या. कुत्र्यांना दिवसाला दोन भेटी कमी पडतात, कारण रात्री आठ ते सकाळी सात म्हणजे अकरा तास आणि दिवसा तेरा. मोठ्या कुत्र्याला तीन ठेव, म्हाताऱ्याला चार, किंवा सरळ रात्रीचा मुक्काम सुचव. आणि मालक परत पोचल्याचा फोन येईपर्यंत शेवटच्या दिवसाची भेट रद्द करायची नाही. गाडी चुकते, घाट बंद होतो. किल्ली त्या फोननंतरच परत.

भडंग_आणि_चहा
तीन भेटी झाल्या की माझं गणित पुन्हा कर. पाच किलोमीटरवरच्या घराचे दिवसाला ८८० होतात आणि चार तास जातात. दिवाळीत अशी दोन घरं घेतलीस की दिवस संपला, तिसऱ्याला आत्ताच नाही सांगून टाक.